मोटर बंद पडायची तेव्हा

आमचे घरमालक स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसायचे. त्याचं टोक मोटरच्या पाठीवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. अशा वेळी त्यांना कुणी हाक मारलेली चालत नसे. दूधवाला गेटपाशी ताटकळायचा, मी जिन्यात खोळंबायची आणि आतून काकूंचा आवाज आला तरी ते डावा हात वर करून थांबायची खूण करायचे. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. मागचं बेअरिंग बोलायला लागलंय, अजून महिनाभर काढेल. आणि ते खरोखर महिनाभरच काढायचं. माणूस इतका बरोबर असला की त्याच्याशी भांडायची सोय राहत नाही, आणि माझा स्वभाव तसा भांडकुदळ.

मी बुऱ्हाणपूरला एका मराठी शाळेत शिकवायला आले, तेव्हा आधी सिंधीपुऱ्यात खोली घेतली होती. खाली यंत्रमाग. दिवसभराच्या खडखडाटानं डोकं उठायचं. त्या आवाजाला वैतागून मी तापी ओलांडून जैनाबादला राहायला गेले आणि नेमकी अशा घरात जाऊन पडले, जिथे दोन माणसांचा जीव एका मोटरच्या आवाजात अडकलेला होता.

खोली दाखवण्याआधी मालकांनी मला एकच प्रश्न विचारला. टॉर्च धरता येतो का?

मी म्हटलं, टॉर्च काय, कुणालाही धरता येतो.

"नाही येत मॅडम," ते म्हणाले. "लोक टॉर्च धरतात आणि त्यांना जिकडे पाहायचं तिकडे मारतात. मला जिकडे पाहायचं तिकडे मारणारा माणूस पाहिजे."

स्वयंपाकघर कुठे, पाणी किती वेळ येतं, हे माझे प्रश्न माझ्यापाशीच राहिले. खोली मिळाली, आणि टॉर्च धरायचं कामही.

मालकांची सगळी नोकरी कागद कारखान्याच्या पंप हाउसमध्ये गेली. वडील विदर्भातून कारखान्यात आले, हे तिथेच जन्मले, तिथेच लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू तुकईथडच्या, शेतकऱ्याघरच्या. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सगळी उमर कुंड्यांमध्ये मिरच्या लावण्यात गेली म्हणून त्यांनी म्हातारपणी जमीन मागितली, आणि मालकांनी जैनाबादच्या कडेला केळीचा लहानसा तुकडा घेऊन त्यात हे दुमजली घर बांधलं. घरात मिस्त्री म्हणून कधी कुणाला येऊ दिलं नाही. मिस्त्री आला की घर त्याचं होतं, असं त्यांचं म्हणणं. पंखा, नळ, मिक्सर, गेटचा कडीकोयंडा, सगळं स्वतः. विजेचं काम असलं की ते काकूंच्या स्वयंपाकघरातला जेवायला बसायचा पाट आणून त्यावर उभे राहायचे. लाकूड कोरडं असतं, करंट लागत नाही. काकूंनी त्या पाटावरून पूर्वी बरीच वादावादी केली होती म्हणे, अन्नाचा पाट पायाखाली घेतात म्हणून. शेवटी त्यांनीच तो पाट देऊन टाकला आणि स्वतःसाठी दुसरा आणला.

माणसांबद्दलही ते मोटरच्याच भाषेत बोलायचे. आमच्या मुख्याध्यापकांना एकदा भेटले, तर घरी येऊन म्हणाले, आवाज खूप आहे, पाणी ओढत नाही. माझ्याबद्दल दूधवाल्याला सांगितलेलं मी जिन्यातून ऐकलं. "मॅडम चालू होताना जास्त करंट ओढतात. एकदा चालू झाल्या की काही तकलीफ नाही." मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी काकूंना झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, जरा जड, पण आलं. उजवा हात आणि पाय आला नाही. बुऱ्हाणपुरातला एक तरुण डॉक्टर व्यायाम शिकवायला यायचा. बोलता बोलता तो म्हणाला की पाण्यात शरीराचा भार हलका होतो, पाण्यात चालवलं तर पाय धरतील, नाहीतर हळूहळू आखडून जातील. तो सहज बोलून गेला असेल. मालकांनी मात्र ते वाक्य धरून ठेवलं.

मागच्या अंगणात केळीच्या ठिबकसाठी बांधलेला सिमेंटचा लांबट टँक होता. तो त्यांनी रिकामा केला, घासला, आतून फरशा लावल्या, उतरायला पायऱ्या केल्या, दोन्ही बाजूंना धरायला पाइप बसवले. पाणी छातीपर्यंत राहील एवढंच. ठिबकचा वाळूचा फिल्टर होताच, तो जोडला. इंदूरहून स्विमिंग पूलला लावतात तसला पंप आणला, पुढे जाळीची टोपली आणि तिच्यावर पारदर्शक झाकण असलेला. पंप टँकमधलं पाणी ओढून वाळूतून गाळून परत टँकमध्ये सोडायचा. जैनाबादच्या केळीच्या बागांमध्ये हा असला पूल, लोक गेटपाशी येऊन पाहून जायचे. काही जण हसायचेही. मालकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

रोज सकाळी ते काकूंच्या खोलीत जाऊन मोटर चालू करायचे. लाईटचा मीटर त्याच खोलीत होता, म्हणून मोटरचा स्टार्टरही तिथेच, काकूंच्या खाटेशेजारच्या भिंतीवर. हिरवं बटण चालू करायचं, लाल बंद करायचं. मोटर चालू झाली की मालक बाहेर जाऊन केळीची पानं, किडे, पाण्यावरचा कचरा काढायचे. तासभर पाणी फिरून तळ स्वच्छ दिसायला लागला की काकूंना खुर्चीतून बाहेर आणायचे आणि उचलून पाण्यात उतरवायचे. मग स्वतः उलटं चालत त्यांचे दोन्ही हात धरायचे. "टाच आधी. टाच." हे दोन शब्द मी रोज सकाळी पोळ्या लाटताना ऐकायची. आमच्याकडचं पाणी जड, क्षारांचं. साचून राहिलं की हिरवं होतं, फरशी निसरडी होते, तळ दिसत नाही. म्हणून त्यांचा नियम पक्का होता. मोटर चालू असेल तरच काकूंचा पाय पाण्यात. बंद असेल त्या दिवशी सुट्टी.

आमच्या भागात शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाईट येते-जाते, मोटर आपली आपण चालू होते, रात्रीअपरात्री शेतावर जावं लागत नाही. मालकांनी तो कधी लावला नाही. चालू करणारं माणूस असलं पाहिजे, म्हणायचे. उलट त्यांनी मलाच शिकवून ठेवलं, कारण ते बाजाराला गेले आणि मोटर थांबली तर कुणीतरी पाहिलं पाहिजे.

"मोटर थांबली की पहिलं वर पाहायचं," त्यांनी काकूंच्या खोलीत उभं राहून मला सांगितलं. "पंखा फिरून राहिला का? पंखा थांबला असेल तर लाईट गेली, मोटरला दोष नका देऊ. पंखा चालू आहे, तर मग स्टार्टरकडे या. हिरवं दाबून पाहा. लोड जास्त झाला म्हणून ट्रिप झाली असेल ना, तर हिरवं दाबून उचलणार नाही. आधी लाल दाबावं लागेल, मग हिरवं. समजलं?"

मी म्हटलं, आणि नुसतं हिरवं दाबून चालू झाली तर?

"तर मग तिला काही झालेलं नाही. कुणीतरी हातानं बंद केली होती."

काकू खाटेवर पडून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, चहा घेतला का मॅडम. मालकांचं शिकवणं सुरू झालं की त्या असाच काहीतरी विषय काढायच्या.

पहिली मोटर खरोखरच जळली. तो उन्हाळा होता, व्होल्टेज पार तळाला गेलेलं. जळक्या वासानं मीच खाली धावले. मालकांनी मोटरवर तळहात ठेवून लगेच उचलला. हात ठेववतो तोवर ठीक, हे त्यांचं थर्मामीटर. नवी मोटर त्यांनी स्वतः जाऊन आणली आणि आम्ही दोघांनी ती बसवली, म्हणजे त्यांनी बसवली आणि मी टॉर्च धरला. मीटरजवळचे फ्यूज काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकले. फ्यूज माझ्या खिशात असताना मला कुणी मारू शकत नाही, असं म्हणाले. वायरी सोडण्याआधी प्रत्येकीला काकूंच्या जुन्या लोकरीचा वेगळ्या रंगाचा धागा बांधला. चार बोल्ट काढून मोटर पंपापासून ओढून वेगळी केली, तर आतल्या चक्रीवर पांढरा थर चढलेला, खडूसारखा. तो त्यांनी चिंचेच्या पाण्यात भिजवून काढला. पाणी मोटरमध्ये शिरू नये म्हणून चक्रीमागे एक सील असतं, नवं सील त्यांनी धुतलेल्या फडक्यानं धरलं. बोटाचा तेलकटपणा लागला तरी ते गळतं म्हणे. त्या सीलला हात लावू नये म्हणून मला तर टॉर्चसुद्धा लांबून धरायला सांगितला. सगळं जोडून एक झटका देऊन पाहिलं, मोटर उलटी फिरली. मी मनात म्हटलं, चला, हा माणूस चुकतो. त्यांनी शांतपणे दोन वायरींची अदलाबदल केली आणि मोटर सुलटी झाली.

तरी पाणी धरेना. कुठूनतरी हवा ओढत होती. शेजारचे केळीवाले भाऊ कुंपणावरून बघत होते. त्यांनी साधा उपाय सांगितला, जो इकडे प्रत्येक विहिरीवर करतात. शेणकाला करायचा आणि पंपात ओतायचा, शेण फटीत जाऊन बसतं, हवा बंद, पंप पाणी धरतो. भाऊ तर बादली आणायला निघालेच होते.

"भाऊ, याच्यात माझी बायको उतरते," मालक म्हणाले.

एवढंच बोलले, पण भाऊ बादली तिथेच ठेवून परत फिरले. मालकांनी झाकणाचं रबर काढलं, पुसलं, त्याला ग्रीस लावलं, परत बसवलं, आणि पंपानं पाणी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पाण्यात उतरल्या. मालकांनी एक हात सोडला. मग दुसरा सोडला. काकू डाव्या हातानं पाइप धरून टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, उजवा पाय जरा ओढत, पण चालत. मला रडू फुटलं. भाऊ कुंपणापलीकडून हात जोडून उभे होते. मालक पाण्यातच थांबले होते, चष्म्यावर पाणी उडालेलं, आणि चष्मा पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

नंतर त्यांनी काकूंना उचलून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं, अंगावर टॉवेल टाकला. काकू आपल्या पायांकडे टक लावून पाहत होत्या. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

मोटर बंद पडायला लागली ती त्या हिवाळ्यात. मालक ती चालू करून बाहेर पानं काढायला जायचे आणि जरा वेळानं आवाज थांबायचा. ते आत यायचे, वर पंखा बघायचे, स्टार्टर बघायचे, आणि बाहेर येऊन सांगायचे, ट्रिप झाली. आज सुट्टी. पाहावं लागेल.

मग सुरू झालं ते मालकांचं शोधकार्य. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबून पाहायचं, हा त्यांचा कारखान्यातला शिरस्ता. दोन गोष्टी बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही. म्हणून आधी केबल बदलली. चार-आठ दिवस ठीक, परत बंद. मग स्टार्टरचे काँटॅक्ट घासले. मग बेअरिंग बदललं. मग टोपली बदलली, वाळू बदलली. शेवटी चांगली चालणारी मोटर काढून दुसरी बसवली. प्रत्येक दुरुस्तीला आधीपेक्षा जास्त दिवस लागायला लागले. ज्या माणसानं जळालेली मोटर एका दिवसात बदलली होती, त्याला आता एक बेअरिंग काढायला आठवडा लागत होता. मला वाटलं, वय झालं. कीव यायची, आणि रागही.

पण एक सांगते, ते दुरुस्तीचे दिवस त्या घरातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. अंगणात पोतं पसरून मालक मोटर खोलून बसायचे. काकूंची खुर्ची उन्हात. त्यांच्या मांडीवर तुरीची डाळ नाहीतर शेंगा, डाव्या हातानं निवडत बसायच्या. मधूनच मालकांना सांगायच्या, तो नट तिकडे घरंगळला बरं, मग म्हणसान कोनी घेतला. मालक म्हणायचे, तू तुझी डाळ पाहा. काकू तुकईथडच्या गोष्टी सांगायच्या, बैलांच्या, भावांच्या, एकदा कापसाच्या गाडीवर झोपून त्या थेट बाजारात कशा पोचल्या त्याची. हसताना त्यांचं तोंड एका बाजूनंच हसायचं. मालक मान वर न करता ऐकायचे आणि एकच बोल्ट कितीतरी वेळ पुसत राहायचे.

व्यायामाचा डॉक्टर आला की हे सगळं मावळायचं. तो काकूंचा पाय वाकवून बघायचा आणि नाराज व्हायचा. पाय आखडायला लागलाय, पाण्यात उतरवत नाही का? मालक म्हणायचे, मोटरचा प्रॉब्लेम आहे. डॉक्टर म्हणायचा, काका, चांगला मिस्त्री बोलवा ना. मालक त्याच्यासाठी चहा टाकायला उठायचे.

एका रविवारी मालक जिन्याखाली पाण्यातली पानं काढायची जाळीची काठी दुरुस्त करत होते. मोटर नुकतीच चालू केली होती, मी अंगणात कपडे वाळत घालत होते, आणि आवाज थांबला. मालकांचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून मीच आत गेले. शिकवल्याप्रमाणे पहिलं वर पाहिलं. थंडीमुळे पंखा अगदी हळू ठेवलेला होता, पण फिरत होता. स्टार्टरपाशी गेले आणि हिरवं दाबलं.

मोटरनं लगेच उचललं.

मी लाल दाबलंच नव्हतं. तशीच उभी राहिले. मग खाली पाहिलं. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, डावा हात उशीखाली घेतलेला. ती झोप नव्हती, खांदा हलत होता.

मी खाटेवर बसले. रागावलेच होते, खोटं कशाला सांगू. एवढा खटाटोप, माणूस मोटरी बदलतोय, आणि ही बाई बटण दाबून झोपेचं सोंग घेते. मी विचारलं, काकू, का? पाणी गार लागतं का?

त्यांनी मान हलवली. मग शब्द जुळवत बोलल्या.

"पान्यात मी चालते ना मॅडम. चांगली चालते. मंग हे मले बाहेर काढतात, आन् खुर्चीत बसवतात, आन् पाय जातात. ज्या दिवशी झटका आला, त्या दिवशी एकदाच गेले होते. आता रोज जातात. रोज नाई सहन होत वं माय."

शिक्षिकेकडे सगळ्यावर काहीतरी असतं, धीर द्या, प्रयत्न करा, असलं. तोंडाशी आलेलं मी गिळलं.

"ह्यांले नका सांगू," काकू म्हणाल्या. "ते झुरतीन."

मी बाहेर आले. मालक पंपाजवळ उकिडवे बसले होते, पण स्क्रूड्रायव्हर हातात नव्हता. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "लाल दाबावं लागलं का आधी?"

मी हो म्हणाले. माझं खोटं वर्गातल्या पोरांनाही लगेच कळतं.

ते उठले, पंपाच्या शेजारी दुरुस्तीपुरता बसवलेला स्विच स्वतःच्या हातानं बंद केला आणि पाना घेऊन बोल्ट सैल करायला लागले. नव्या, धडधाकट मोटरचे. मी पाहतच राहिले. मग मला समजलं की ह्या माणसाला लाल-हिरव्यातला फरक मला शिकवायच्या आधीपासून येतो, आणि पहिल्याच दिवशी नुसतं हिरवं दाबून मोटर उचलली तेव्हाच त्यांना सगळं कळलेलं होतं.

"काका, तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"हो."

"मग विचारत का नाही त्यांना?"

"मी विचारलं तर तिला सांगावं लागेल. तिनं सांगितलं तर हा टँक बंद. मग ती नुसती पडून राहणार आणि मी नुसता पाहून राहणार." त्यांनी बोल्ट काढून पोत्यावर ठेवला. "आता कसं, मोटर खराब आहे. तिची चूक नाही, माझी पण नाही. दुरुस्त झाली की ती चार दिवस उतरते ना माझ्यासाठी. मग बंद करते. चार दिवस चालते तरी."

मी चिडून म्हटलं, पाय आखडतोय त्यांचा. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना. तो पाय जाईल.

"जाईल," ते म्हणाले. "मला काय दिसत नाही मॅडम?"

त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, बेअरिंग महिनाभर काढेल म्हणतानाचा. मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला की मी कपड्यांची बादली तिथेच टाकून वर निघून गेले. संताप त्यांचा होता की त्यांच्या नेहमी बरोबर असण्याचा, ते अजून सांगता येत नाही. जरा वेळानं खिडकीतून पाहिलं तर काकूंची खुर्ची उन्हात आली होती आणि मालक पोत्यावर बसून मोटर खोलत होते. काकूंनी वर पाहून मला डाव्या हातानं बोलावलं, शेंगा सोलायला.

पुढे माझी बदली आमच्याच संस्थेच्या खंडव्याच्या शाळेत झाली. जाताना मालकांनी टॉर्च मला भेट दिला. असा हात परत मिळणार नाही, म्हणाले. त्यांनी माझं केलेलं तेवढंच कौतुक.

यंदा दिवाळीनंतर भाऊंचा फोन आला, काकूंना दुसरा झटका आला म्हणून. मी सुट्टी काढून गेले. रिक्षातून गल्लीत उतरले तोच मोटरचा आवाज ऐकू आला. एकसारखा, कुठे खरखर नाही. मला वेड्यासारखं बरं वाटलं. म्हटलं, चालू आहे, म्हणजे काकू उतरत असतील.

मागे गेले. टँकचं पाणी इतकं नितळ होतं की तळाची फरशी न फरशी मोजून घ्यावी. त्यावर एक पान नव्हतं. मालक पंपाजवळ त्या पाटावर बसले होते. दाढी वाढलेली. स्क्रूड्रायव्हर हातात होता, पण कानाला लावलेला नव्हता. मला पाहून त्यांनी ओळखीचं हसायचा प्रयत्न केला.

"मॅडम, बंद पडत नाही," ते म्हणाले.

मला आधी उमगलं नाही.

"सकाळी चालू करतो. दुपार होते, संध्याकाळ होते, चालूच. दवाखान्यातून आणली तेव्हापासून एकदापण बंद नाही पडली." आणि ते रडायला लागले. इतकी वर्षं टॉर्चच्या उजेडात मी ह्या माणसाचा चेहरा पाहिला होता, पण हा नव्हता पाहिला.

मी आत गेले. काकू उताण्या पडल्या होत्या, डोळे उघडे, छताकडे. बोलणं गेलेलं. ह्या वेळी डावी बाजूही गेली होती. भिंतीवर स्टार्टरच्या जागी चार भोकं दिसत होती. मालकांनी तो तिथून काढून खाटेच्या पट्टीवर आणून बसवला होता, अगदी काकूंच्या हाताशी. त्यांचा डावा हात उचलून त्याचं एक बोट लाल बटणावर ठेवलेलं होतं. रोज सकाळी हिरवं दाबून ते हे बोट असं ठेवून बाहेर जायचे आणि पाटावर बसून वाट पाहायचे.

मी काकूंच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. ते बोट पाहवेना. एकदा मनात आलं, आपणच दाबावं लाल. बाहेर बसलेल्या त्या माणसाला एवढं तरी द्यावं. हात पुढे गेलाही. मग विचार आला की ते धावत येतील, हिरवं दाबतील, मोटर उचलेल, आणि ते ह्यावर विश्वास ठेवतील. उद्यापासून परत पाटावर बसतील. मी हात मागे घेतला.

तशी मी बराच वेळ बसून होते. संध्याकाळ व्हायला आली होती. आणि मोटरचा आवाज थांबला.

बाहेर पाट उलटल्याचा आवाज आला. मग पावलांचा. त्या वयाचा माणूस असा धावतो हे मी पाहिलं नव्हतं. मालक दारात आले, चौकट धरून, धाप लागलेली. चेहरा असा उजळला होता की मला तिकडे पाहवलं नाही. ते खाटेशी वाकले, काकूंच्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, मग परत हाताकडे. "तूच ना?" ते हळूच म्हणाले. "तूच केली ना गं बंद?"

मोटर थांबली की पहिलं वर पाहायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या दिवशी ते विसरले. मी पाहिलं. वर पंखा हळूहळू थांबत होता.

माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं आणि मग तेही वर बघायला लागले. पंख्याचा शेवटचा फेरा पुरा होईपर्यंत आम्ही दोघंही तिकडे पाहत होतो.

"लाईट गेली," मालक म्हणाले.

मग ते खाटेच्या कडेला बसले. काकूंचं बोट बटणावरून जरा घसरलं होतं, ते त्यांनी उचलून परत नीट लालवर ठेवलं, आणि लाईट यायची वाट पाहत बसले.